पालथी निजणारी नात

पुंडलिकरावांना खुर्चीत निवांत बसलेलं कोणी फारसं पाहिलं नव्हतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभी हयात रुळाच्या कडेनं चालण्यात गेली, आणि निवृत्त झाल्याची खबर पायांपर्यंत काही पोचली नाही. सकाळी मदन महल स्टेशनापर्यंत चालत जायचं, टपरीवर उभ्यानंच चहा घ्यायचा, परत येऊन पेपर दारातच चाळायचा आणि लगेच स्कूटर काढायची. काय आणायला निघालो ते रस्त्यात ठरायचं. बायको हेमलता होती तोवर म्हणायची, "तुमच्या पायाले भिंगरी हाये, घरात काहून टिकान तुम्ही." ती गेल्यावर तसं म्हणणारं कोणी उरलं नाही आणि फेऱ्या वाढल्या.

सून हर्षा बाळंत झाली त्या सकाळी ते दवाखान्याच्या आवारात अशाच येरझारा घालत होते. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, असं त्यांचा मुलगा योगेश धावत येऊन सांगून गेला. पुंडलिकरावांनी मिठाईच्या दुकानापर्यंत जाऊन खोव्याची जिलेबी आणली. पुडा घेऊन वर आले तर खोलीचं दार लोटलेलं, आणि आतून नर्सचा आवाज येत होता, "रुकिए, रुकिए, मत पिलाइए अभी."

बाळाला पहिल्यांदा छातीशी लावलं होतं. तिनं ओढायचा प्रयत्न केला, दोन-चारदा तोंड हलवलं, आणि दूध नाकातून बाहेर आलं. मग ती खोकली. नर्सनं तिला उलटं धरून पाठ चोळली, टॉर्च घेऊन तोंडात पाहिलं आणि तडक डॉक्टरांना बोलवायला गेली. जिलेबीचा पुडा हातात तसाच धरून पुंडलिकराव दारात उभे होते. तेल कागदातून बोटांवर उतरत होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलत. त्यांनी आपल्या हनुवटीवर बोट ठेवून समजावलं. बाळाचा खालचा जबडा फार लहान आहे, त्यामुळे जीभ मागं सरकते आणि श्वासाची वाट अडवते. शिवाय वरच्या टाळूला मागच्या बाजूनं फट आहे. ती बाहेरून दिसत नाही. तिला ओढून पिता येणार नाही, आणि जबरदस्तीनं पाजलं तर दूध छातीत जाईल. ती पिऊ लागेपर्यंत नाकातून पोटात नळी. आणि उताणी झोपवायची नाही, पालथीच, म्हणजे जीभ पुढं पडेल. "जबड़ा बढ़ेगा," त्या म्हणाल्या, "टाइम लगेगा. तालू का ऑपरेशन बाद में."

"कितना टाइम?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"दादाजी, वो बच्ची बताएगी."

या उत्तरानं त्यांचं समाधान झालं नाही. ते खाली गेले, फाटकापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच ऐकलं.

बाळ काचेच्या खोलीत बरेच दिवस राहिलं. घरी आणायच्या आधी नर्सनं आईवडिलांना नळी घालायला शिकवलं. नळी नाकाच्या टोकापासून कानापर्यंत आणि तिथून पोटापर्यंत मापायची, खूण करायची, हळूहळू सरकवायची, ती पोटातच गेली याची खात्री करायची. हर्षानं ओठ आवळून दोनदा केलं. योगेश रिछाईत पाइपांच्या कारखान्यात मशीनवर होता, गरम प्लॅस्टिकशी रोज खेळणारा माणूस, पण बाळाच्या नाकात नळी शिरताना पाहून त्याला घाम फुटला आणि तो भिंत धरून खाली बसला. "मला नाही होत, यार," तो म्हणाला.

मदतीला हर्षाची आई सिहोऱ्याहून आली होती. बाळ घरी येऊन आठवडा झाला नसेल, तोच तिकडे हर्षाचे वडील अंगणात पडले आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. तिला जावं लागलं. सिहोऱ्याच्या बसमध्ये तिला बसवून पुंडलिकराव घरी आले तेव्हा योगेश कारखान्यात गेला होता. घरात ते होते, सून होती आणि मधल्या खोलीत पालथी निजलेली ती एवढीशी पोर, गालावर चिकटपट्टीनं चिकटवलेली नळी घेऊन.

सासरा आणि सून. दोघांत वितुष्ट कधीच नव्हतं, पण बोलणंही बेतानंच. चहा ठेवलाय बाबा, गॅस आला बाबा, एवढंच. आता हर्षा दार लावून यंत्रानं दूध काढी, आणि ते वाटीत झाकून बाहेर आणताना तिची नजर जमिनीवर असे. पुंडलिकराव तेवढ्या वेळात मुद्दाम अंगणात जाऊन उभे राहात. पण पुढचं काम एकट्या माणसाचं नव्हतं. बाळाला उभट धरायचं एकानं, आणि इंजेक्शनच्या पिचकारीचं नळकांडं नळीला जोडून वर धरायचं दुसऱ्यानं. पिचकारी दाबायची नसते. दूध आपल्या वजनानं उतरतं. नुसतं धरून राहायचं.

नुसतं धरून राहणं. पुंडलिकरावांच्या आयुष्यात हे काम कधी आलं नव्हतं.

पहिल्या दोन-तीन वेळा ते जमलं. मग एका दुपारी दूध नळकांड्यात थबकल्यासारखं वाटलं. त्यांनी हात थोडा वर केला. दूध भराभर उतरायला लागलं. त्यांना बरं वाटलं, आणखी वर केला. पोरगी अंग ताठ करून कळवळली आणि सगळं दूध उलटून हर्षाच्या खांद्यावर आलं, थोडं नाकातून, थोडं तोंडातून.

"बाबा, काय करून राहिले तुम्ही?" हर्षा कडाडली. "घाई कशाची आहे तुम्हाला? कुठं जायचं आहे?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्यांच्यावर पहिल्यांदाच असं बोलली. पुंडलिकरावांनी नळकांडं ताटलीत ठेवलं, चपला घातल्या आणि बाहेर पडले. मदन महल किल्ल्याच्या चढापर्यंत गेले. तिथं त्यांना आठवलं की उलटून पडलेलं दूध पुन्हा द्यावं लागेल आणि धरायला घरी कोणी नाही. ते उतारावरून जवळजवळ पळतच परत आले. हर्षा बाळाचे कपडे बदलून बसली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, फक्त बाळाला उभट केलं. त्यांनी हात धुतले आणि नळकांडं उचललं.

त्या दिवसापासून ते नळकांडं आपल्या छातीच्या पातळीवर धरू लागले. हात भरून येई, मानेत रग लागे, बाहेर स्टेशनावर गाडी लागल्याचा भोंगा होई आणि पाय आपोआप हलत. पण हात हलू देत नसत. पाजून झालं की पोरीला खांद्याशी उभी धरून बसायचं, आणि मग पालथी निजवायचं. पालथी निजली तरी गळ्याखालचा खड्डा श्वासागणिक आत ओढला जाई. पुंडलिकराव तो खड्डा पाहात. स्कूटर काढून चौकापर्यंत जात आणि काही न घेता परत येत, कारण तेवढ्यात श्वास अडकला तर? घरात बसवत नव्हतं, बाहेर राहवत नव्हतं. शेजारच्या दुबेजींनी एकदा हटकलं, "पाटिल साहब, दिन भर में कितने चक्कर लगाते हो?" त्यांनी हसून हात हलवला आणि आत गेले.

लोकांचं येणं सुरू झालं होतं. येणारा प्रत्येक जण आधी नळीकडे बघे, मग नजर वळवी. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे ग्रहणात काही चिरलं असेल. हर्षा ऐकून घेई. पुंडलिकरावांना मात्र त्या वळवलेल्या नजरा बोचत. त्यांनी मनाशी धरलं की बारसं करायचं. राहून गेलं होतं, आणि लोकांना दिसलं पाहिजे की घरात पोर जन्मली आहे, आजार नाही.

"करू," हर्षा म्हणाली. "पण साधं."

"साधंच. फक्त एक हाये." ते उभे राहिले, पुन्हा बसले. "तेवढा वेळ नळी काढून ठेवता येईन का? फोटो निघतीन. सगळ्या जन्माचे फोटो ते."

हर्षानं मनात दिवस मोजले. नळी बदलायचा दिवस जवळ आलाच होता. एक पाजणं झाल्यावर जुनी काढायची आणि पुढच्या पाजण्याआधी दुसऱ्या नाकपुडीतून नवी घालायची, एवढा अवधी मिळत होता. तिच्या मनातही कुठंतरी नळीशिवायचा तो चेहरा पाहायची हौस असेलच. ती म्हणाली, "चालेल. पण कोणी तिला उताणी घ्यायची नाही आणि तोंडात काही घालायचं नाही. तुम्ही सांगाल सगळ्यांना?"

"मी सांगतो ना."

बारशाला रांझीहून त्यांची मोठी बहीण भानुमती आली, नात्यातले दोन-चार जण आले, दुबेजींच्या घरच्या बायका आल्या. हर्षानं चिकटपट्टी तेलानं भिजवून नळी काढली. गालावर लाल चौकोन उमटला होता. नाव ठेवलं रुचिरा. योगेशनं मोबाइलवर फोटो काढले, हर्षा कितीतरी दिवसांनी हसली, आणि पुंडलिकराव खुर्च्या मांडत, सरबत वाटत, पंख्याचं तोंड फिरवत सगळ्या घरभर होते. सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं, पण उभ्या उभ्या, एकाला सांगून दुसऱ्याकडे जात. भानुमतीबाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या.

हर्षा नवी नळी काढून ठेवायला आत गेली होती. भानुमतीबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं, कौतुकानं उताणं केलं, आणि आपण आणलेल्या चांदीच्या चमच्यानं केशरी दूध तिच्या ओठांत सोडलं. पोरीनं ओठ हलवले. बाईंना भरून आलं. "पाहा, पिते न कशी," त्या म्हणाल्या आणि दुसरा चमचा दिला.

सरबताचा ट्रे हातात घेतलेल्या पुंडलिकरावांनी वळून पाहिलं तेव्हा रुचिराचे ओठ जांभळे पडत होते. रडण्याचा आवाज नव्हता. त्यांनी ट्रे कुठं ठेवला ते त्यांना नंतरही आठवलं नाही. पोरीला बहिणीच्या मांडीवरून उचललं, हाताच्या लांबीवर पालथं घातलं, डोकं खाली, जसं नर्स हर्षाला शिकवताना त्यांनी काचेपलीकडून पाहिलं होतं, आणि पाठीवर तळव्यानं थापलं. एकदा, दोनदा. हर्षा धावत आली. तिसऱ्या-चौथ्या थापेला दूध बाहेर आलं, मग घरघर, मग रडणं. ते रडणं ऐकून खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला, पण पोरीची छाती खूर खूर वाजतच होती. योगेशनं ऑटो आणली. गर्दीत प्रत्येक सिग्नलला पुंडलिकराव ऑटोतून अर्धे बाहेर वाकून लोकांना बाजूला व्हायला सांगत होते.

छातीत दूध गेलं होतं. न्यूमोनिया झाला. रुचिरा पुन्हा काचेपलीकडे गेली, या वेळी तोंडावर ऑक्सिजन घेऊन.

पुढचे दिवस पुंडलिकराव दवाखान्याच्या बाहेरच फिरत राहिले. आत जायची वेळ ठरलेली होती, पण ती झाली की ते योगेशला पुढं करत. डबा आणत, औषधं आणत, आणलेली औषधं देऊन लगेच जिना उतरत. भानुमतीबाईंचे फोन येत. "मले कोणी सांगतलं नाही रे पुंडलिक," त्या रडत. ते म्हणत, "तुह्यामुळे नाही झालं बाई, ठेव आता." आणि फोन खिशात टाकून पुन्हा चालू लागत.

एका दुपारी हर्षा जिन्यावर आली. तिचे डोळे सुजले होते, केस तसेच बांधलेले. ती पायरीवर बसली. ते दोन पायऱ्या खाली उभे राहिले.

"नळी मी काढाले लावली," ते म्हणाले. "फोटोसाठी. लाज वाटत होती मले, लोक पाहात म्हणून."

"काढली मीच."

"मी म्हटलं म्हणून. आणि बाईले सांगाचं काम माझं होतं."

"हो. होतं." हर्षानं नजर खाली आवारातल्या मोटारसायकलींकडे वळवली. "बाबा, तुम्ही चूक कबूल करून राहिले, मी ऐकून घेतलं. पण तुमचं मन हलकं करायची ताकद नाही माझ्यात आत्ता. आत मला धरायला माणूस पाहिजे. योगेशचे हात थरथरतात. तुम्ही इथं काहून फिरता?"

पुंडलिकराव तिच्यामागून वर गेले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, वरून हिरवा झगा घातला आणि काचेच्या आत जाऊन उभे राहिले. नर्स म्हणाली, "दादाजी, हिलिए मत." ते हलले नाहीत.

रुचिरा बरी होऊन घरी आली. पण तो प्रसंग घरातून लवकर गेला नाही. हर्षा कोणालाही बाळाच्या जवळ जाऊ देईना. पुंडलिकरावांनी दाराशी खुर्ची टाकली आणि येणाऱ्याला उंबऱ्यावरच थांबवून सांगू लागले, तिच्या टाळूला फट आहे, जबडा लहान आहे, नळीतून जेवते, बरी होणार आहे. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळली. मग सरावली. समोरच्याची नजर वळली तरी ते बोलणं पूर्ण करत.

दवाखान्यात गिळणं शिकवणाऱ्या एक ताई होत्या, वसुधाताई. त्या म्हणाल्या, बाळ तोंडानं पीत नाही म्हणून तोंड विसरू देऊ नका. नळीतून दूध जात असतानाच स्वच्छ बोट तिच्या गालाच्या आत ठेवा, तिला चोखू द्या, म्हणजे पोट भरणं आणि तोंड हलणं यांची गाठ पडेल. हर्षा तसं करू लागली. काही दिवस रुचिरा बोट ढकलून देई, ओकारी काढी. एखादे दिवशी चांगलं चोखे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड मिटून घेई. घरात प्रत्येकाची मर्जी तिच्या तोंडावर टांगलेली असे. चांगला दिवस असला की योगेश शिट्टी वाजवत कारखान्यात जाई, वाईट असला की कोणी जेवताना बोलत नसे.

जबडा वाढत होता. रोज पाहणाऱ्यांना ते कळत नव्हतं. तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा घरच्यांनी जुना फोटो काढून पाहिला. तो बारशाचाच होता. हर्षानं फोटो बघितला आणि मोबाइल उलटा ठेवला.

तोंडानं पिणं सुरू झालं ते मऊ बाटलीनं. बाळ ओढत नसलं तरी हलकेच दाबून थेंब थेंब देता येईल अशी ती बाटली होती. पहिले काही आठवडे चार थेंब, बाकी नळी. पुंडलिकरावांना वाटे, आज होईल, उद्या होईल. ते पाहायला मिळावं म्हणून त्यांनी फेऱ्या कमी केल्या. आणि ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी ते नेमके पेन्शनच्या हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. हर्षाला ताप होता, म्हणून योगेशनं रजा घेतली होती. घरी आले तर योगेश पलंगाच्या कडेवर बसलेला, मांडीवर उभट धरलेली रुचिरा आणि हातात रिकामी बाटली.

"बाबा, पूरी पी गई," तो म्हणाला. "नाकातून थोडं आलं, पण पूरी."

"तू पाजली?"

"मी." त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. "थरथरला नाही."

पुंडलिकरावांच्या मनात आलं, इतके महिने धरून बसलो, आणि तेवढा एक घोट आपल्याला दिसला नाही. ते आतल्या खोलीत गेले, शर्ट बदलला, पुन्हा बाहेर आले आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास," एवढंच म्हणाले. मग हर्षाला सांगायला गेले, तर ती तापातही जागीच होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

पहिला वाढदिवस झाल्यावर टाळूचं ऑपरेशन झालं. नंतर तोंडात हात जाऊ नयेत म्हणून कोपरांना ताठ पट्टे बांधले होते. रुचिरा चिडून आकांत करी. खांद्यावर घेऊन कोणी चालत राहिलं तरच गप्प होई. ते काम पुंडलिकरावांनी कोणाला करू दिलं नाही. टाके भरेपर्यंत ते तिला घेऊन अंगणातून गल्लीत आणि गल्लीतून अंगणात चालले. एका कडेला मधेच एक टाका सुटला आणि तिथं बारीक भोक राहिलं. डॉक्टर म्हणाले, मोठी झाल्यावर बघू. हर्षा त्या दिवशी दार लावून रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि मूगडाळीची पातळ खिचडी गाळणीतून घोटू लागली.

रुचिरा आता दोन वर्षांची होऊन गेली आहे. जीभ, टाळू, ओठ सगळी हळूहळू कामाला लागतात. बोलते थोडं, तेही नाकातून. "आजोबा"चं "आंओंआं" होतं. वसुधाताई तिच्याकडून मेणबत्ती फुंकवून घेतात, बुडबुडे उडवून घेतात. पाणी पिताना हसली तर अजून नाकातून येतं. आता ती पाठीवर झोपू शकते, पण झोपत नाही. सवयच लागली आहे. पलंगावर बेडकीसारखी पालथी पसरते आणि एक गाल उशीवर टेकवते.

भानुमतीबाई मध्यंतरी बरेच दिवस आल्या नव्हत्या. मागच्या महिन्यात आल्या. दारातच उभ्या राहिल्या. आत यायचं पाऊल उचलेना. हर्षानंच रुचिराला त्यांच्याकडे सोडलं आणि म्हणाली, "आत्याबाई, बसा ना. तिला भूक लागली आहे, भात कालवून देता का? गिचगोळा करा थोडा."

"मी नाही देत बाप्पा," भानुमतीबाई म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले. "मले भेव वाटते."

"मलापण वाटतं," हर्षा म्हणाली. "रोज."

शेवटी वाटी दोघींच्या मधे ठेवली गेली. भानुमतीबाईंनी भात मऊ कालवला, वर तूप सोडलं. बोटाच्या पेराएवढा घास केला आणि हात अर्ध्यावरच थांबला. रुचिरानं वाट पाहिली नाही. पुढं झुकून तिनं घास त्यांच्या बोटांतून तोंडानं ओढून घेतला.

पुंडलिकराव दाराशी उभे होते. चपला पायात, स्कूटरची किल्ली हातात, स्टेशनाकडे निघालेले. ते तिथंच थांबले आणि नातीच्या गळ्याकडे बघत राहिले. तिनं चावलं, घास या गालातून त्या गालात नेला, मधेच थांबून त्यांच्याकडे बघून हसली. मग गळा हलला. तिनं तोंड उघडून रिकामं दाखवलं, जसं वसुधाताईंनी शिकवलं होतं, आणि दुसऱ्या घासासाठी हात पुढं केला.

"जाऊन या बाबा," हर्षा म्हणाली. "आम्ही आहोत."

"जातो," ते म्हणाले. पण दुसरा घास उतरेपर्यंत उभेच राहिले.